गाडीत बेडूक आला होता

“आमच्या गाडीत बेडूक आला होता.”

आठ-नऊ वर्षांची असेल ती मुलगी. हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट, केस नुकतेच तेल लावून घट्ट बांधलेले. पार्किंगच्या खांबाला पाठ टेकून ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मेस्त्री बॉनेटमध्ये वाकले होते, तिचे बाबा शेजारी किल्ली बोटात फिरवत उभे होते आणि मी मागचं दार उघडून सीटवर हात फिरवून बघत होते. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पाहुणे आले की आपल्या घरातली सगळ्यात भारी गोष्ट त्यांना सांगावी, तशी तिनं ती सांगितली. बेडकाचं पुढे काय झालं हे ती सांगणार, एवढ्यात तिचे बाबा म्हणाले, “चिऊ, जा, काकूंना पाणी आण.” आवाज चढला नव्हता. उलट जरा जास्तच मऊ होता. ती जिन्याकडे निघाली आणि पहिल्या पायरीवर थांबून तिनं एकदा मागे वळून बाबांकडे पाहिलं. आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलंय, पण काय ते कळत नाहीये, असं ते बघणं.

मी ते ओळखते. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट, अजून डोक्यातून गेलेली नाही.

गाडी आम्हाला हवी होती ती सासूबाईंसाठी. त्यांच्या गुडघ्यांनी आता जिने आणि लांबची चाल सोडून दिली आहे, आणि बाहेर पडायचं तर घडीची चाकांची खुर्ची बरोबर लागते. आमच्या छोट्या गाडीत खुर्ची ठेवली की माणसं बसायची नाहीत, माणसं बसली की खुर्ची घरी. नवी मोठी गाडी परवडणारी नव्हती. कुणीतरी मारुतीची सियाझ सुचवली: पाचशे दहा लिटरची डिकी, मागे पाय पसरून बसता येईल अशी जागा, दुरुस्ती कुठल्याही गावात होते आणि वापरलेली गाडी आवाक्यात मिळते. मी टेप घेऊन खुर्चीची घडी मोजली आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवला. पुढचे दोन महिने प्रत्येक रविवारी कुणाच्या ना कुणाच्या पार्किंगमध्ये डिकी उघडून मी आधी तो आकडा लावून बघायची. सीएनजी बसवलेल्या गाड्या तिथेच बाद व्हायच्या, कारण टाकीनं अर्धी डिकी खाल्लेली असायची.

मेस्त्री आमचे जुने. सातारकडचे, वारज्याला छोटं गॅरेज. फार बोलत नाहीत. गाडी बघायला जायचं ठरलं की त्यांची एकच अट असे: “त्यास्नी सांगा, आम्ही यीपर्यंत गाडी चालू करू नका.” पोचल्या पोचल्या ते रामराम घालायच्या आधी तळहात बॉनेटवर ठेवत. तापलेलं लागलं तर काही बोलायचे नाहीत, नुसतं माझ्याकडे बघायचे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला काय आवाज करतं आणि सायलेन्सरमधून काय सोडतं, त्यात गाडीचं निम्मं पोट कळतं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर सकाळी घटकाभर आला तर ती वाफ, पण गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर इंजिन गार ठेवणारं कुलंट आत शिरतंय. काळा आला तर पेट्रोल नीट जळत नाहीये. हे सगळं आधीच तापवून ठेवलेली गाडी झाकून टाकते. म्हणून तो तळहात.

त्यांच्याबरोबर हिंडून मलाही बघायला यायला लागलं. ऑइलचं झाकण उलटं करून त्याच्या पोटाला काय चिकटलंय ते बघायचं. दाराचं रबर बोटानं जरा ओढून आतल्या पत्र्यावरचे कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठसे बघायचे; ते एकसारख्या अंतरावर गोल गोल दिसले पाहिजेत, आणि जिथे ते पुसले गेलेत तिथे पत्रा कधीतरी बदललाय किंवा ठोकून सरळ केलाय. पुढच्या मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का, म्हणजे त्यांना कधी पाना लागलाय का. दारावर बोटाच्या पेरानं टिचकी मारली की पत्रा टणकन बोलतो, आत पुट्टी भरलेली असेल तर आवाज बसका येतो. टायरच्या बाजूला अंडाकृतीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर जास्त घाबरायचं. तो दिवा लागूच नये अशी कुणीतरी सोय केलेली असू शकते. हे मेस्त्रींनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दिवा न लागणं म्हणजे सगळं ठीक, असंच आपण आयुष्यभर धरून चालतो.

हायवेलगतच्या एका विक्रेत्याच्या आवारात पहिली गाडी बघितली. टायर काळे कुळकुळीत रंगवलेले, आत गुलाबाचा वास इतका की डोकं जड व्हावं. मीटरवर ४८ हजार. पण ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं, ड्रायव्हरच्या सीटची कड बसून बसून खचलेली आणि स्टिअरिंगवर हात धरायच्या जागी चामड्याला तेलकट चमक. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसची नोंद मिळवली तर तेव्हाच गाडी ९१ हजार चालली होती. माझा राग आकड्यापेक्षा त्या गुलाबाच्या वासावर जास्त होता. त्या सीटवर एवढे तास बसून कुणीतरी रोजी कमावली असेल, मुलांना शाळेत सोडलं असेल, आणि ते सगळे किलोमीटर कुणीतरी बसल्या जागी पुसून टाकले.

दुसरी सदाशिव पेठेतली. निवृत्त आजोबा, आठ वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर. प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची वहीत नोंद, तारीख, लिटर, पैसे, मीटर. अक्षर इतकं सुरेख की मी ती पानं नुसती चाळत बसले. पण टायर अजून मूळचेच, ३६१६, म्हणजे २०१६ च्या छत्तिसाव्या आठवड्यातले. वरून नक्षी शाबूत, बाजूला बारीक भेगा. ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीवरच्या सायीसारखा थर. मी घाबरले, तर मेस्त्री म्हणाले, कुलंट जात असेल तरी असं दिसतं, पण हितं कुलंट भरलेलं हाय, पातळी बरोबर हाय, गाडी नुसती दोन किलोमीटरच्या वर गेलेली न्हाई. इंजिन पुरतं तापतच नाही, आत धरलेलं दव सुकत नाही. कमी चाललेली गाडी चांगलीच असते, हा आपला गैरसमज. बंद घरासारखी तीही आतून खराब होत जाते. ती आम्ही घ्यायच्या बेतात होतो. टोकन द्यायला गेलो त्या दिवशी आजोबा गाडीशी उभे होते, फडकं घेऊन आरसा पुसत. म्हणाले, “मुलगा म्हणतो विका. पण मी अजून थोडे दिवस बघतो.” मेस्त्रींनी मला खुणेनं चला म्हटलं. परत येताना आम्ही दोघंही बोललो नाही.

तिसरी, चिंचवडची, बेडकाची.

लहानपणी आमच्याकडे फियाट होती. रत्नागिरीत तेव्हा आमच्या वाडीत दोनच गाड्या. दुधी रंग, पुढे अखंड सीट, गिअर स्टिअरिंगलाच. बाबांनी ती घेतली तेव्हाच जुनी होती, आणि कोकणातला पाऊस नि खारी हवा खाऊन खाऊन तिचा तळ मागच्या डाव्या बाजूला, नेमका माझ्या पायाखाली, गंजून फुटला होता. हाताचा पंजा जाईल एवढं भोक. मोठ्यांना ते धोक्याचं वाटत असेल, मला ती माझी खिडकी वाटायची. त्यातून रस्ता पळताना दिसायचा. डांबर असेल तेव्हा राखाडी रेघांचा प्रवाह, कच्चा रस्ता आला की लाल, आणि पऱ्ह्यावरून गेलो की क्षणभर गार वारा पोटऱ्यांना लागायचा. मी चिंचोके गोळा करून ठेवायची आणि एकेक त्यातून सोडायची, तो कुठे गेला हे कधीच दिसायचं नाही. पावसाळ्यात खालून लाल पाणी उडायचं आणि शाळेच्या पांढऱ्या मोज्यांवर बारीक ठिपके उठायचे. आई ते दगडावर घासून घासून दमायची. मोजे कधी पूर्ण पांढरे झाले नाहीत.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी गाडी विकायला काढली. घराचं काम चाललं होतं, चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि पावसाच्या आत कौलं चढवायला पैसे पुरत नव्हते. एका संध्याकाळी बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्या भोकावर बसवला, कडेनं डांबर लावलं आणि वरून नवीन रबरी मॅट टाकली. मी बाजूला उकिडवी बसून बघत होते. डांबराचा वास मला फार आवडायचा. माझी खिडकी बंद झाली म्हणून वाईटही वाटलं होतं. बाबा हात पुसत म्हणाले, “उद्या माणसं येतील गाडी बघायला. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलायचं नाही.” एवढंच. खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत, तसं ते कधीच म्हणाले नसते. सोसायटीच्या हिशोबात चार आणे जास्त आले म्हणून रात्री कंदील घेऊन परत करायला गेलेला माणूस तो.

राजापूरकडचे कुणी होते. एक गृहस्थ, त्यांची बायको आणि माझ्याहून लहान मुलगा. त्यांनी इंजिन बघितलं, चक्कर मारली, हॉर्न वाजवून बघितला. मग ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “काय गो, तू खंय बसतंस गाडीत?” मी मागचं दार उघडलं, आत चढले आणि मॅटवर उभी राहून दाखवलं. “इथे.” माझ्या टाचेखाली पत्रा जरासा दबला आणि टक् असा आवाज झाला. इंजिन चालू होतं, त्यांना ऐकू आला नाही. बाबांना आला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते दुसरीकडे बघत होते.

मी पाय हलवला नाही.

पावसाच्या आत कौलं चढली. त्या घरात मी मोठी झाले, त्याच कौलांवरचा पाऊस ऐकत दहावीचा अभ्यास केला. त्या गाडीबद्दल बाबा पुढे कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. एसटीनं राजापुरातून जाताना ते खिडकीबाहेर बघत गप्प व्हायचे असं मला आठवतं, पण हे मी मागाहून रचलेलं असू शकेल, कारण ते तसेही गप्पच असायचे. मला आठवतो तो त्या लहान मुलाचा चेहरा. नव्या गाडीत पहिल्यांदा बसलेल्या मुलाचा. त्याच्या पायाखालचा पत्रा किती पावसाळे टिकला असेल, त्याच्या मोज्यांवर ठिपके आले असतील का, याचा मी इतक्या वेळा विचार केलाय की तो मुलगा आता मला नात्यातला वाटतो.

तर चिंचवड.

गाडी २०१७ ची, एक पूर्णांक चार लिटरचं पेट्रोल इंजिन, फर्स्ट ओनर, कर्जाचा बोजा उतरवलेला, कागद चोख. पाच लाख ऐंशी सांगितले होते. बॉनेट थंड, धूर स्वच्छ, सेल्फ एका झटक्यात. पासिंग एमएच दहा. मेस्त्रींनी नंबर प्लेटकडे बघून एकदाच विचारलं होतं, “सांगलीची व्हय? एकोणीस साली कुठं होती?” ते गृहस्थ म्हणाले, “उंचावर होती, मित्राकडे.” उत्तर फार पटकन आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची. ज्यांच्याकडे उंचावर राहणारा मित्र होता त्यांच्या गाड्या वाचल्या, हेही खरंच आहे. आम्ही विश्वास ठेवला. मग बेडूक आला.

चिऊ पाणी आणायला गेल्यावर पार्किंगमध्ये कुणीच काही बोललं नाही. मेस्त्री डिकीकडे गेले, स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघायला लागले. मी मागच्या सीटवर बसले होते, सासूबाई बसतील त्या जागी. मनात काही ठरवून नाही, त्यांना पट्टा ओढायला जमेल का ते बघायचं म्हणून मी सीटबेल्ट ओढला. मग आणखी ओढला. रोज आपण जेवढा ओढतो तेवढा पट्टा काळाभोर, स्वच्छ होता. आणखी ओढत गेले, अगदी शेवटपर्यंत, जिथे तो आत अडकतो तिथपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक आडवी रेघ होती. अलीकडे काळा, पलीकडे मातकट. विणीच्या धाग्याधाग्यात गाळ बसलेला, वाळून कडक झालेला. नखानं खरवडला तर बारीक पूड माझ्या पांढऱ्या ओढणीवर पडली. बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ लागली. नदीचा गाळ असाच असतो. नाकाशी नेली. सहा वर्षांनीही तिला ओल्या पोत्यासारखा हलका वास होता, किंवा मला तो आला.

मी मान वर केली तर ते गृहस्थ दारापाशी उभे होते आणि माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघत होते.

पुढे मेस्त्रींनी बाकीचं दाखवलं, पण आता ते दाखवणं कुणासाठीच नव्हतं. सीटच्या रुळांवर तांबूस गंज, डॅशबोर्डच्या खालच्या स्क्रूंची डोकी गंजलेली, जॅकच्या खोबणीत तोच गाळ. गालिचा बदललेला होता, त्याखालचा जाड थर जुनाच. खालच्या एका जोडणीतली तांब्याची टोकं हिरवी पडायला लागली होती. हे सगळं त्यांनी हलक्या आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं सांगितलं. विकणाऱ्याचा पाणउतारा करायचा नाही हा त्यांचा नियम आहे, आणि त्या नियमासाठी मला ते फार मोठे वाटतात. शेवटी म्हणाले, “इंजिन सुधारतं ताई. वायरिंगचं कवा काय हुईल सांगता येत न्हाई. ब्रेकचं एबीएस, एअरबॅगा, समदं त्याच्यावर चालतं.”

मग ते गृहस्थ आपणहून बोलायला लागले. पाच दिवस गाडी पाण्यात होती, सीटच्या वरपर्यंत. पाणी उतरल्यावर शेजारच्या कुणीतरी घाईनं सेल्फ मारून बघितला. तिथेच घात झाला. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टनला दाबायला हवा नसते, पाणी असतं, आणि पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पुरात बुडालेली गाडी चालू करून बघायची नसते, नुसती उचलून न्यायची असते. पण दारात चिखल, घरात चिखल, फ्रिज पालथा पडलेला, अशा सकाळी हे कुणाला आठवणार? विम्यात इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे इंजिनाचा खर्च अंगावर. एकूण दुरुस्ती घोषित किमतीच्या पाऊणपटीपर्यंत गेली असती तर गाडी टोटल लॉसमध्ये धरून पैसे तरी हातात आले असते. ती त्या रेघेच्या थोडी खाली राहिली. “घर सावरायचं का गाडी?” ते म्हणाले. “सहा महिने उभी होती. मग थोडं थोडं करून केली. तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही मॅडम, शप्पथ.” त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. आधीच्या ‘उंचावर होती’वर जेवढा बसला होता त्याहून कितीतरी जास्त.

मी विचारलं, “जाहिरातीत का नाही लिहिलं?”

“लिहिलं तर कोण बघायला येईल?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगितलं असतं तर मी चिंचवडपर्यंत आलेच नसते. कमी किमतीला का होईना, सगळं सांगून विकली असती तर घेणारा भेटला असता असं मेस्त्रींचं मत. त्यांच्या हिशोबानं साडेतीनच्या आसपास, घेणाऱ्यानं वायरिंगला पैसे बाजूला ठेवायचे या बोलीवर. पण साडेतीन आणि पाच ऐंशी यांतलं अंतर हे त्या कुटुंबाला पुरानं लावलेलं शेवटचं बिल होतं, आणि ते कुणीतरी भरायचं होतं. त्यांनी किंवा आम्ही. आमच्या फियाटच्या वेळी ते राजापूरच्या माणसांनी भरलं आणि आमच्या घरावर कौलं आली. हे मला त्या पार्किंगमध्ये इतकं लख्ख दिसलं की मला त्या माणसावर चिडताच येईना. मात्र त्यांनी मुलीला पाणी आणायला पाठवलं त्याचा राग येत होता, आणि तो राग नक्की कुणावर होता हेही मला कळत होतं.

पुढच्याला सांगा, एवढं मी त्यांना म्हणाले. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तीन आठवड्यांनी ती जाहिरात दिसेनाशी झाली. कुणीतरी घेतली असणार. घेणाऱ्यानं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला का, त्याच्या मागच्या सीटवर कोण बसतं, हे मला अधूनमधून टोचत राहतं. आमची गाडी पुढे जून संपता संपता मिळाली. डॉक्टर बाई होत्या. फोनवर पहिलं वाक्य: “मागचं डावं दार भिंतीला घासलंय, रंग दिलाय. क्लच वर्षभरात करावा लागेल. हे चालत असेल तर या.” आम्ही गेलो. मेस्त्रींनी तळहात ठेवला, सगळं पाहिलं, आणि त्या दोन गोष्टींखेरीज त्यांना तिसरी सापडली नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. क्लच आठव्या महिन्यात केला. खुर्ची डिकीत नीट बसते.

पण त्या दिवशी चिंचवडहून निघताना चिऊ पाण्याचा पेला घेऊन खाली आली ती मोठी माणसं सगळी बोलून संपल्यावर. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांनी धरलेला, पायऱ्यांवर थोडं थोडं सांडत आणलेला. जाताना ती काही बोलायच्या विचारात होती, येताना ओठ मिटून होती. पेला माझ्या हातात देऊन ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी पाणी प्यायले. मेस्त्री त्यांच्या मोटारसायकलीपाशी जाऊन थांबले होते, आम्हाला निघायचं होतं. मी पेला परत देताना खाली वाकले आणि तिला विचारलं, “आणि मग बेडकाचं काय झालं?”

तिनं आधी बाबांकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, किल्ली मुठीत धरून. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सांग की.”

“तो ना, बाबा बसतात ना, त्या सीटच्या खाली होता,” ती म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. “एवढा मोठा! हिरवा. सगळे घाबरले. आजी म्हणाली मारू नका, तो पण पुरातनं आलाय. मग बाबांनी त्याला आजीच्या पिठाच्या डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली, आणि आम्ही त्याला नदीवर सोडून आलो.”

“चालत,” तिचे बाबा म्हणाले. “गाडी बंद होती ना.”